स्वयंपाकघर नव्याने करताना: कडा, सांधे, कोपरे (कामाच्या नोंदी)

११ जानेवारी

सिंकखालच्या कपाटाचं शटर दोन महिने नीट लागत नव्हतं, आज बिजागरी टाईट करायला म्हणून खाली बसले आणि बघितलं तर बाजूची फळी तळापासून वीतभर फुगलेली. बोटाने दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते. आणि वरचं लॅमिनेट मात्र अजून चकचकीत, एक ओरखडा नाही! म्हणजे पाणी वरून गेलंच नाही, ते खालच्या उघड्या कडेतून आत शिरलं आणि वर चढत गेलं.

आई म्हणाली, "अगं, आता डागडुजी नको, एकदाच काय ते नीट करून घे." तर घेतलंय काम करायला. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय, कुठलीही वस्तू निवडताना आधी तिची कड बघायची, मग रंग. नोंदी तारखेप्रमाणे ठेवतेय, कुणी हेच काम काढलं तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्यांचे वाचतील.

१४ जानेवारी

मापं. खोली १० फूट बाय ८ फूट, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो. प्रत्यक्षात जमिनीलगत वेगळं, ओट्याच्या उंचीला वेगळं आणि डोक्याच्या उंचीला आणखी वेगळं येतं, त्यामुळे प्रत्येक भिंत तीन उंचीवर मोजा आणि कपाटांसाठी सगळ्यात लहान माप धरा.

कोपरा गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आहे का ते बघायला एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट यायला पाहिजे. माझं अर्धा इंच जास्त आलं. अर्धा इंच म्हणजे काय मोठं, असं वाटून मी ते नुसतं लिहून ठेवलं आणि पुढे गेले. ते मार्चमध्ये महागात पडलं, तेव्हा सांगते.

१९ जानेवारी

मांडणी. कागदावर चार नकाशे काढले, चारही छान दिसत होते, म्हणून कागद बाजूला ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर मास्किंग टेप लावून खऱ्या मापाचं स्वयंपाकघर आखलं. ओट्याच्या जागी रिकामे खोके. फ्रिजच्या जागी एक खुर्ची आणि तिचं दार म्हणून पुठ्ठा. दोन दिवस आम्ही तिघं त्या आखणीत खोटं खोटं काम करत होतो, पातेलं उचल, सिंककडे जा, वळ, शेगडीवर ठेव.

यू आकार मला फार आवडला होता पण त्यात दोन आंधळे कोपरे येतात, म्हणजे २४ बाय २४ इंचाची जागा दोनदा अडते आणि आत ठेवलेलं हाताला लागत नाही. समोरासमोर दोन ओटे केले तर मधे ४८ इंच उरत होते, ते पुरेसे आहेत, पण दार अशा ठिकाणी आहे की जाणारा-येणारा प्रत्येक माणूस शेगडी आणि सिंकच्या मधून जाणार, हातात गरम पातेलं असताना. एल आकार घेतला.

फ्रिज, शेगडी, सिंक या तीन जागांच्या त्रिकोणाचा नियम सगळीकडे सांगतात, प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून १३ ते २६. आमची बेरीज १४ भरली, एक बाजू ४ ला थोडी कमी, ते चालवून घेतलं. मला त्या त्रिकोणापेक्षा जास्त उपयोगी वाटली ती वस्तू ठेवायची मोकळी जागा. सिंक आणि शेगडीच्या मधे सलग ३ फूट ओटा, शेगडीच्या दोन्ही बाजूंना किमान एक फूट म्हणजे दांड्या बाहेर लोंबत नाहीत, आणि फ्रिजच्या शेजारी हातातलं खाली ठेवायला सव्वा फूट तरी. आमचं सगळं सामान चिरायचं-मळायचं त्या तीन फुटांतच होतं.

पुठ्ठ्याच्या दाराने एक गोष्ट वाचवली. फ्रिज भिंतीला चिकटवला तर दार फक्त काटकोनात उघडतं आणि आतले खण पूर्ण बाहेर येत नाहीत. भिंतीपासून ३ इंच सोडले.

२३ जानेवारी

ओट्याची उंची. यावर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं आणि झालं ते बरंच झालं.

सगळीकडे ३६ इंच म्हणजे साधारण ९१ सेंमी धरतात. हिशोब असा की सरळ उभं राहून कोपर वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून १० ते १५ सेंमी वजा करायचे. आईचं कोपर ९५ सेंमीवर, म्हणजे तिला ८० ते ८५ पाहिजे. माझं १०३ वर, म्हणजे मला ८८ ते ९३. भावाचं तर विचारूच नका.

दोन पातळ्यांचा ओटा करावा असं वाटत होतं. पण पायरी आली की दगडात एक सांधा वाढतो, आणि जड भांडं सरकवत नेता येत नाही, उचलावं लागतं, तेही आईलाच. टेबलाखाली फळ्यांचे तुकडे घालून वेगवेगळ्या उंचीवर आईला अर्धा अर्धा तास काम करायला लावलं, ९१ ला तिचे खांदे वर चढलेले दिसत होते, स्वतः ती काही बोलली नाही. शेवटी ८६ सेंमी सगळीकडे, आणि मी माझ्यासाठी ४ सेंमी जाडीचा लाकडी पाट घेतला चिरायला. माझे ९० झाले.

सिंकबद्दल कुणी सांगत नाही ते असं की तिथे आपला हात ओट्याच्या उंचीला नसतो, सिंकच्या तळाला असतो. १० इंच खोल सिंक दिसायला भारी, पण आईला त्यात वाकावं लागलं असतं. ७ इंचाचं घेतलं. स्टील ३०४ ग्रेडचं, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं म्हणून पाण्याला टिकतं.

२८ जानेवारी ते ५ फेब्रुवारी

नमुन्यांचे दिवस. दुकानात दिव्याखाली ठेवलेलं काहीही चांगलं दिसतं, म्हणून तुकडे मागून घरी आणले आणि त्यांना त्रास दिला. यात आठ दिवस गेले, त्यातला एकही वाया गेला नाही.

फळ्या: साधा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला), एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली) आणि मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवुड), तिन्ही १८ मिमी, तिन्हींची एक कड उघडी. एका बादलीत उभे ठेवले, २४ तासांनी कॅलिपरने मोजले. पार्टिकल बोर्ड २१ मिमी आणि कडेचे दाणे सुटायला लागलेले. एमडीएफ १९ च्या वर. प्लाय १८.३. मग तोच पार्टिकल बोर्डचा दुसरा तुकडा, चारही कडांना २ मिमीची पट्टी मशीनने चिकटवलेला, तो काहीच फुगला नाही! म्हणजे बोर्ड स्वस्त की महाग याच्याइतकंच कड बंद आहे की नाही याला महत्त्व आहे. तरी सिंकखाली आणि खालच्या सगळ्या कपाटांना प्लाय, वरच्या कपाटांना एमडीएफ, असं ठरवलं. सगळीकडे प्लाय घालायला सुतारकामाचा खर्च पाचव्या हिश्शाने वाढत होता आणि वर तेवढं पाणी पोचत नाही.

शटरचं फिनिश: अ‍ॅक्रिलिकचा आरसा, मॅट काळं लॅमिनेट, साधं पोत असलेलं राखाडी लॅमिनेट, पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. प्रत्येकावर तेलाचं बोट लावून दोन दिवस ठेवलं. मॅट काळ्यावर बोट उठून दिसतं आणि पुसलं की त्याचा मोठा डाग होतो. अ‍ॅक्रिलिकवर लगेच पुसलं जातं पण भांड्याच्या घासणीचा एकच हात फिरला की बारीक रेघा, त्या जात नाहीत. पीयू सुंदर, हात लावावासा वाटतो, पण कोपऱ्याला किल्ली आपटली तर टवका उडाला आणि तो घरी भरता येत नाही. राखाडी लॅमिनेटने सगळं सहन केलं. मला ते सगळ्यात कमी आवडलं होतं. आता रोज बघून बघून आवडतं.

दगड: पांढऱ्या मार्बलवर लिंबाची फोड दहा मिनिटं ठेवली, पुसल्यावर डाग नाही पण तेवढ्याच आकाराची चमक गेलेली, तिरप्या उजेडात स्पष्ट दिसते. तो डाग नसतो, आम्लाने दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे घासून जात नाही. ग्रॅनाइटवर पाण्याचे थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबले. फिक्या रंगाच्या तुकड्यावर थेंबाखाली काळसर गोल उमटला, म्हणजे तो पाणी पितो, त्याला सीलर (पाणी आत न जाऊ देणारा लेप) लागणार आणि परत परत लागणार. गडद राखाडी ठिपक्यांच्या तुकड्यावर काही नाही. क्वार्ट्झला डाग पडला नाही, आम्ल चाललं, पण त्यात दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन असतं, गरम तवा थेट ठेवला तर ते करपतं. आमच्या घरात गरम भांडं ओट्यावर टेकवायची सवय तिघांनाही आहे आणि ती जाणार नाही. म्हणून गडद राखाडी ग्रॅनाइट, लेदर फिनिश, म्हणजे चकचकीत नाही, हाताला चामड्यासारखं लागणारं. अगदी काळंभोर पॉलिश नको, त्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून पांढरा दिसतो.

१० फेब्रुवारी

रंग एकदाच सांगते. नमुना उभा धरून बघा, कारण शटर उभं असतं, आणि ज्या दिव्याखाली ते राहणार त्याच दिव्याखाली बघा. आम्ही निवडलेला राखाडी दुकानात निळसर होता, घरच्या पिवळ्या दिव्यात मातकट. दिवाच बदलला, ४००० केल्विन (ना पिवळा ना निळसर), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर.

१६ फेब्रुवारी

विजेचे आणि पाण्याचे पॉइंट भिंतीवर खडूने काढले, प्रत्येक मशीनचं नाव लिहून. एक चूक झाली, ओव्हनचा प्लग बरोबर ओव्हनच्या मागे काढला. कपाट बसल्यावर ओव्हन भिंतीपर्यंत जाईना, प्लगच मधे येत होता, आणि बंद करायचा तर अख्खा ओव्हन बाहेर काढायचा. शेजारच्या कपाटात हलवायला पाहिजे होता. नंतर हलवला, भिंत परत फोडून, दोन दिवस.

वरच्या कपाटांखालच्या एलईडी पट्टीची वायर आत्ताच भिंतीतून काढून ठेवा. छताचा दिवा आपल्या पाठीमागे असतो, आपली सावली बरोबर चिरायच्या पाटावर पडते.

३ मार्च

जुना ओटा काढणं, प्लंबिंग, भिंतीचा गिलावा यात दोन आठवडे गेले, लिहिण्यासारखं काही नाही. आज कपाटांचे सांगाडे बसले.

मिस्त्रींचं काम सफाईदार आहे. तरी सिंकखालच्या मागच्या फळीला पाइपसाठी जी भोकं पाडली त्यांच्या कडा कोऱ्या होत्या. म्हटलं, "मिस्त्री, या कडा बंद करून द्या ना." ते म्हणाले, "ताई, मागे आहे, कोण बघतंय?" मी त्यांना ती जुनी फुगलेली फळी आणून दाखवली, मुद्दाम ठेवली होती. बघून ते एकदम गप्प झाले, हात फिरवला तिच्यावरून, आणि मग स्वतःच सगळ्या भोकांना दोन हात एपॉक्सी प्रायमर लावला, तळाच्या कडांनासुद्धा, जे मी सांगितलंही नव्हतं. कपाटं जमिनीवर थेट न ठेवता १० सेंमीच्या प्लास्टिकच्या पायांवर घेतली, पुढे स्कर्टिंगची पट्टी फक्त क्लिपने. फरशी धुतली तरी फळीला पाणी लागत नाही आणि पट्टी काढून आत झाडता येतं.

आता आमची सगळ्यात वेडीवाकडी चूक. एलच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे ड्रॉवर अगदी कोपऱ्याला भिडवले, एक इंचही वाया जाऊ नये म्हणून. डावा ड्रॉवर उघडला तर तो उजव्याच्या हँडलला थडकतो. फक्त हँडलची जाडी, ३५ मिमी! कोपऱ्यात दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांची कोरी पट्टी सोडायला पाहिजे होती. एक सांगाडा उघडून परत कापला, तीन दिवस आणि एक अख्खी प्लायची शीट गेली.

११ मार्च

शटर वाकले. चार उंच शटर, सगळे एकाच बाजूला, मधोमध ६ मिमी पोट आलेलं. कारण शोधायला दोन दिवस लागले, आधी बिजागरीवर संशय, मग प्लायवर. खरं कारण असं की बाहेरून १ मिमी लॅमिनेट आणि आतून खर्च वाचवायला नुसता रंग. दोन्ही बाजूंना हवेतला ओलावा सारखा लागत नाही, मग फळी एका बाजूला ओढली जाते. बाहेर जेवढं लॅमिनेट तेवढंच आत लागतं, आतल्या लॅमिनेटचा रंग कुठलाही चालेल. नवे चार शटर केले, सहा दिवस, आणि वाचवलेल्या पैशांच्या साधारण चौपट खर्च. जुने चार अजून भिंतीला टेकवून ठेवलेत, मिस्त्री म्हणतात त्यांच्यातून माळ्यावरच्या फळ्या होतील.

१८ मार्च

दगड आला. मी माप जानेवारीतलंच देऊन बसले होते. तो अर्धा इंच आठवतोय? तीन-चार-पाचमध्ये अर्धा इंच म्हणजे कोपरा ९० ऐवजी साधारण ९१ अंशाचा, आणि ओट्याच्या २ फूट खोलीत त्याची फट होते १० मिमी. बरोबर तेवढीच निघाली, मागे कोपऱ्यात काही नाही आणि पुढे करंगळी जाईल एवढी. कपाटं बसल्यावर त्यांच्यावर पुठ्ठा ठेवून भिंतीच्या रेषेने साचा कापायचा आणि तो साचा दगडवाल्याला द्यायचा, नुसते आकडे नाही. नशिबाने भिंतीच्या टाइल्स लागायच्या होत्या, चिकटवायचा मसाला आणि टाइल मिळून ११-१२ मिमी होतात, त्यात फट झाकली गेली. लेदर फिनिशच्या कडेला भरणी लपत नाही, टाइल आधी लागली असती तर दगड परत करावा लागला असता.

सिंकच्या कटआउटचे आतले कोपरे गोल करून घ्या. धारदार काटकोन ठेवला तर दगडाला चीर तिथूनच जाते. आणि सांधा सिंकवर येऊ देऊ नका, आमचा एलच्या कोपऱ्यात आहे. ओट्याच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घेतली, ३ मिमीची, ओघळलेलं पाणी तिथेच सुटून खाली पडतं, शटरवर येत नाही. सगळ्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम आणि माझं सगळ्यात आवडतं.

एक मनापासून. दगड कापणारा मुलगा घरातच कोरडा कटर चालवायला लागला, तोंडाला नुसता रुमाल. मी थांबवलं. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. क्वार्ट्झमध्ये ती इतकी जास्त असते की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली, तो कापणारी माणसं सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, आजारी पडत होती म्हणून. बाहेर नेऊन पाणी मारत कापायला लावलं, चांगला मास्क आणून दिला. अर्धा दिवस जास्त गेला. जाऊ दे.

२५ मार्च

टाइल्स. शेगडीमागे साधी पांढरी सिमेंट ग्राउट (टाइल्समधल्या फटींची भरणी) नको, ती तेल पिते, म्हणून एपॉक्सी. पण एपॉक्सी भरल्यावर तासाभरात ओल्या स्पंजने पुसून काढावी लागते आणि आमच्याकडे सगळी भिंत भरून मग पुसायला घेतली. सुरुवातीच्या टाइल्सवर दुधट थर बसला. मॅट टाइल असल्यामुळे तो आणखीनच धरला. दोन दिवस गरम पाणी, एपॉक्सी काढायचं द्रावण आणि नायलॉनचा ब्रश, खिडकीशेजारच्या तीन टाइल्सवर अजून दिसतो. एका वेळी हातभर भिंत भरा, पुसा, मग पुढे.

२ एप्रिल

ओटा आणि टाइल यांच्या मधल्या रेषेत ग्राउट भरू दिली नाही, तिथे दोन्ही थोडे हलतात आणि ग्राउटला तडा जातो. सिलिकॉन लावलं, न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं असतं ते दगडाला चालत नाही, कडेने डाग पडतो.

ठरवलेल्या दिवसापेक्षा २३ दिवस उशीर, बजेटच्या १४ टक्के वर. त्यातले निम्मे पैसे शटर आणि त्या कोपऱ्यातल्या सांगाड्याचे.

१४ जून

अडीच महिने वापर झाला. सिंकखालचं कपाट दर रविवारी टॉर्च लावून बघते, तळाच्या कडेवरून बोट फिरवते. कोरडी आहे.

एक नवीन सापडलं. पाण्याची किटली वरच्या कपाटाखालीच ठेवत होतो, तिची वाफ बरोबर शटरच्या खालच्या कडेला लागत होती आणि तिथली पट्टी नखाएवढी सुटली. वरची कपाटं एमडीएफची आहेत, तिथून फुगायला वेळ लागला नसता. पट्टी परत चिकटवली आणि किटली शेगडीच्या पलीकडे नेली, जिथे वर काही नाही. आईने तिथे टेपने एक चौकोन आखून ठेवलाय, किटली त्यातच ठेवायची, कुणीही.

उरलेल्या टाइल्सचा एक खोका माळ्यावर आहे. लॅमिनेटचा आणि टाइलचा बॅच नंबर सिंकखालच्या शटरच्या आतल्या बाजूला चिकटवलाय.